शिशाचा एप्रन हलका कसा होतो?

कॅथलॅबमध्ये अँजिओग्राफी किंवा अँजिओप्लास्टी चालू असते तेव्हा टेबलाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या, नर्सच्या आणि टेक्निशियनच्या अंगावर एक्स-रे अडवणारा, पाच-सात किलोंचा शिशाचा एप्रन असतो. गळ्यापाशी थायरॉइडचा पट्टा असतो तो वेगळाच. एकामागून एक प्रोसिजर असतील तर हे ओझं तासन्‌तास उतरत नाही, आणि या लोकांच्या पाठीच्या, मानेच्या तक्रारी आता सगळ्या जगाला माहीत झाल्या आहेत. त्यामुळे ‘लेड-फ्री’, ‘अल्ट्रालाइट’ अशा एप्रनांच्या जाहिराती वाढल्या आहेत. जाहिरात वाचून कोणाच्याही मनात येणारी शंका रास्त आहे. शिसं काढलं, वजनही कमी केलं, तर मग एक्स-रे अडतो कशाने?

याचं उत्तर एका साहित्यात आहे. प्रयोगशाळेतले लोक त्याला ‘सिरॅमिक-भरीत पॉलिमर कंपोझिट’ म्हणतात. नाव जड आहे, वस्तू सोपी आहे. पॉलिमर म्हणजे रबर, पॉलिथिन, इपॉक्सी, सिलिकोन यांसारखी लांब साखळ्यांची द्रव्यं. सिरॅमिक म्हणजे इथे कपबशी नव्हे. धातूंची ऑक्साइडं, कार्बाइडं अशी कडक, न गंजणारी, उष्णता सोसणारी संयुगं या नावाखाली येतात. त्यांची बारीक भुकटी पॉलिमरमध्ये मळायची आणि त्याचा पत्रा, फरशी किंवा कापडासारखा थर करायचा, म्हणजे झालं कंपोझिट. भुकटी कोणती, किती आणि कोणत्या किरणासाठी, यात सगळी गंमत आहे आणि फसवणुकीची जागाही तिथेच आहे.

किरण अडतो म्हणजे नेमकं काय होतं

एक्स-रे आणि गॅमा किरण हे प्रकाशाचेच भाऊबंद, ऊर्जा मात्र प्रचंड जास्त. ही ऊर्जा किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजतात, आपण तिला केईव्ही म्हणू. मशीनवर ८० किलोव्होल्ट लावले तर त्यातून जास्तीत जास्त ८० केईव्हीचे किरण निघतात, आणि बहुतेक त्याहून बरेच कमी ऊर्जेचे असतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

असा किरण पदार्थात शिरला की मुख्यतः दोन गोष्टी घडू शकतात. एक, तो एखाद्या अणूच्या आतल्या इलेक्ट्रॉनला सगळी ऊर्जा देऊन तिथेच संपतो. दोन, तो इलेक्ट्रॉनला धडकून थोडी ऊर्जा गमावतो आणि दिशा बदलून पुढे जातो. पहिला प्रकार अणुक्रमांकावर विलक्षण अवलंबून असतो. अणुक्रमांक दुप्पट झाला तर अणूची शोषण्याची शक्यता सोळा पटीच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त वाढते. हाडातल्या कॅल्शियमचा अणुक्रमांक २० आणि मांसातल्या ऑक्सिजनचा ८, म्हणून फिल्मवर हाड पांढरं दिसतं. मात्र किरणाची ऊर्जा वाढली की हा परिणाम झपाट्याने पडतो. दुसऱ्या प्रकाराला अणू कोणता याचं फारसं सोयरसुतक नसतं, वाटेत इलेक्ट्रॉन किती आले एवढंच तो बघतो. म्हणजे व्यवहारात वजन किती, एवढंच.

दवाखान्यातल्या एक्स-रेच्या ऊर्जेला जड अणूंमध्ये पहिला प्रकार जोरात असतो. कॅन्सरच्या उपचारातल्या कोबाल्ट-६० सारख्या स्रोतांच्या गॅमा किरणांना दुसरा. बाकी लेखाचा अर्धा भाग या एका फरकातून निघतो.

आणखी एक. किरण शंभर टक्के अडत नाहीत, कमी होत जातात. सीझियम-१३७ च्या ६६२ केईव्हीच्या सरळ झोताला निम्मं करायला साडेपाच मिलिमीटर शिसं लागतं. आणखी तेवढंच लावलं की उरलेल्याचा निम्मा. शून्य कधीच येत नाही, येतो तो ‘पुरेसा कमी’ हा आकडा, आणि पुरेसं म्हणजे किती ते नियम ठरवतो.

शिशाची एक दुखरी जागा

शिशाचा अणुक्रमांक ८२, घनता पाण्याच्या ११.३ पट आणि किंमत बेताची. १८९५ साली जर्मनीतल्या व्यूर्त्सबुर्गला राँटगेनने हे किरण शोधले, तेव्हाच्या पहिल्या प्रयोगांतच शिसं त्यांना चांगलं अडवतं हे त्याच्या लक्षात आलं होतं. तेव्हापासून आजवर शिशाची गादी हलली नाही.

पण शिसं सगळ्याच ऊर्जांना सारखं चांगलं नाही. अणूमधला सर्वांत आतला इलेक्ट्रॉन ठरावीक ताकदीने बांधलेला असतो. शिशात ती ताकद ८८ केईव्ही आहे. किरणाची ऊर्जा ८८ च्या खाली असेल तर तो त्या इलेक्ट्रॉनला उपटूच शकत नाही. ८८ ओलांडली की अचानक उपटू शकतो आणि शोषण एका झटक्यात उडी मारतं. या उडीला ‘के-एज’ म्हणतात, मी पुढे पायरी म्हणेन.

आकड्यांत बघू. दर ग्रॅममागे अडवण्याची क्षमता (चौरस सेंटिमीटर प्रति ग्रॅम या एककात) शिशासाठी ६० केईव्हीला ५.०, ८० ला २.४, ८८ च्या अगदी अलीकडे १.९, आणि पायरी ओलांडल्याबरोबर ७.७. म्हणजे ८० किलोव्होल्टवर चालणाऱ्या मशीनसमोर शिसं स्वतःची सर्वांत मोठी ताकद वापरतच नाही. तिथपर्यंत पोचणारा किरण त्या झोतात नसतोच.

आता दुसऱ्या मूलद्रव्यांच्या पायऱ्या बघा. कथील २९ केईव्ही, बेरियम ३७, गॅडोलिनियम ५०, टंगस्टन ६९.५. ज्या पट्ट्यात शिसं ढेपाळतं त्याच पट्ट्यात यांचा जोर असतो. ८० केईव्हीला टंगस्टनचा आकडा ७.८ आहे, शिशाच्या तिप्पटीहून जास्त. ६० ला कथील साडेसहाच्या आसपास आणि गॅडोलिनियम शिशाच्या दुपटीवर. कथलाचा अणुक्रमांक ५०, टंगस्टनचा ७४. दोन्ही शिशापेक्षा हलके अणू, तरी या पट्ट्यात ग्रॅमला ग्रॅम शिशाला मागे टाकतात.

एप्रन हलका होण्याचं गुपित एवढंच आहे. शिशापेक्षा ‘जड’ किंवा ‘आधुनिक’ असा चमत्कारी पदार्थ कोणी शोधलेला नाही. वेगवेगळ्या पायऱ्यांची मूलद्रव्यं एकत्र करून शिशाने मोकळी ठेवलेली जागा भरून काढली आहे.

ज्यांनी पोटाच्या तपासणीसाठी बेरियमचं पांढरं, खडूसारखं पाणी प्यायलं आहे, त्यांनी हेच विज्ञान गिळलेलं आहे. बेरियम सल्फेट आतड्यात एक्स-रे अडवतं, म्हणून आतड्याचा आकार दिसतो. अँजिओग्राफीत रक्तवाहिनीत सोडतात त्या औषधातल्या आयोडिनचंही तेच, त्याची पायरी ३३ केईव्हीला आहे. जे द्रव्य रुग्णाच्या पोटात दिसण्यासाठी घालतात, त्याचीच भुकटी एप्रनमध्ये आणि भिंतीच्या प्लास्टरमध्ये किरण अडवायला घालतात. आंध्र प्रदेशातल्या मंगमपेटला या बेरियम सल्फेटच्या खनिजाचा जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक आहे.

भुकटीच का, आणि प्लास्टिकच का

शिशाचा पत्रा अंगावर घालत नाहीत. नेहमीचा लेड एप्रनसुद्धा शिशाची भुकटी रबरात किंवा व्हिनाइलमध्ये मळूनच केलेला असतो. तेव्हा कंपोझिट ही नवी कल्पना नाही. नवी आहे ती भुकटीची निवड.

धातूऐवजी ऑक्साइड वापरण्याची कारणं व्यावहारिक आहेत. धातूची अतिबारीक पूड हवेत पेट घेऊ शकते, ऑक्साइड आधीच ‘जळून’ शांत झालेलं असतं. ते वीज वाहत नाही, गंजत नाही आणि रबराच्या कारखान्यात नेहमीच्या दोन रोलच्या मिलवर मळता येतं. बिस्मथ ऑक्साइड ही पिवळी भुकटी यात सर्वांत लाडकी. बिस्मथचा अणुक्रमांक ८३, म्हणजे शिशाचा थेट शेजारी, पण शिशासारखा विषारी नाही. त्याची संयुगं पोटाच्या गोळ्यांमध्येही असतात.

आता थोडा हिशोब, कारण जाहिरातींचं पितळ इथे उघडं पडतं. बिस्मथ ऑक्साइडची घनता ८.९, सिलिकोन रबराची साधारण १.१. वजनाने ८० टक्के भुकटी घातली, तर ऐकायला वाटतं की रबर नावालाच उरलं. प्रत्यक्षात भुकटी जागेपैकी जेमतेम ३३ टक्के व्यापते, उरलेलं दोन तृतीयांश रबरच असतं. म्हणून तो पत्रा वाकतो. मिश्रणाची घनता ३.७ च्या आसपास येते.

अर्धा मिलिमीटर शिसं म्हणजे दर चौरस मीटरला ५.७ किलो. त्याच्या बरोबरीला तेवढंच बिस्मथ हवं. पण ऑक्साइडमध्ये दहा टक्के ऑक्सिजन, आणि वर वीस टक्के रबर. त्यांचा हातभार नगण्य धरला तर पत्रा जातो आठ किलोंच्या जवळ, जाडी दोन मिलिमीटरहून थोडी जास्त. शिसं भुकटीच्या रूपात वापरलं तरी त्यालाही रबराचं ओझं असतंच, पण बिस्मथचा पत्रा त्याहूनही जड भरतो! म्हणजे नुसतं ‘शिसं काढून बिस्मथ घातलं’ यातून एप्रन विषमुक्त होतो, हलका होत नाही. हलका करायचा तर पायऱ्यांचं मिश्रण करावं लागतं, कथील किंवा अँटिमनी किंवा गॅडोलिनियम सोबत घ्यावं लागतं. ‘लेड-फ्री’ आणि ‘लाइट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेते त्या एका दमात बोलतात.

हलका एप्रन कुठे कमी पडतो

एप्रनवर ‘०.५ मिमी लेड इक्विव्हॅलंट’ असं छापलेलं असतं. म्हणजे हा एप्रन अर्ध्या मिलिमीटर शिशाइतका किरण अडवतो. पण कोणत्या किलोव्होल्टला? शिशाच्या एप्रनला हा प्रश्न फारसा लागू पडत नव्हता, कारण शिशाची तुलना शिशाशीच होती. मिश्रणाच्या एप्रनमध्ये मात्र हा आकडा ऊर्जेप्रमाणे बदलतो. ८० किलोव्होल्टला छान जुळणारा एप्रन ६० ला किंवा १२० ला कमी भरू शकतो, कारण १२० च्या झोतात ८८ च्या वरचे किरण येतात आणि तिथे शिसं पुन्हा जोरात असतं. १०० केईव्हीला शिशाचा आकडा ५.५ आणि कथलाचा १.७ आहे. म्हणून चांगला उत्पादक किलोव्होल्टची सगळी पट्टी लिहितो. नुसतं ‘०.५ मिमी’ लिहिलेलं असेल तर मी तरी विकत घेणार नाही.

दुसरी भानगड जास्त सूक्ष्म आहे. अणूचा आतला इलेक्ट्रॉन उपटला गेला की ती जागा भरताना अणू स्वतःचा एक छोटा एक्स-रे सोडतो. कथलाचा हा किरण २५ ते २८ केईव्हीचा असतो आणि तो कथलातून सहज बाहेर पडतो, कारण त्याची ऊर्जा कथलाच्या पायरीच्या खाली आहे. तो बाहेर पडतो तो एप्रन घालणाऱ्याच्या त्वचेकडेही. अरुंद झोताने आणि दूर ठेवलेल्या मीटरने एप्रन तपासला तर हे किरण मीटरमध्ये येतच नाहीत आणि निकाल फसवा चांगला दिसतो. आयईसी ६१३३१-१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत म्हणूनच मीटर एप्रनला जवळ ठेवून मोजण्याची पद्धत दिली आहे.

यावर तोड निघालेली आहे आणि ती देखणी आहे. एप्रनचे दोन थर करायचे. बाहेरच्या थरात कथील किंवा अँटिमनी, अंगाकडच्या थरात बिस्मथ. बाहेरचा थर मोठं काम करतो, त्याने सोडलेले बारके किरण आतला बिस्मथ गिळतो. असा एप्रन उलटा घातला तर क्रम उलटतो आणि फायदा जातो. एप्रन उलटाही घालता येतो का, हे कोणी विचारत नाही, पण घाईच्या सकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये काय काय होतं हे तिथे काम करणाऱ्यांना ठाऊक आहे.

मग गॅमा किरणांसाठी हलका पत्रा?

नाही. इथे थोडं कडक बोलायला हवं, कारण ‘हलकं गॅमा शील्ड’ या नावाखाली बरंच काही विकलं आणि छापलं जातं.

कोबाल्ट-६० चे किरण १,१७३ आणि १,३३२ केईव्हीचे आहेत. तिथे पायऱ्यांचा खेळ संपलेला असतो, उरतं ते वजन. सरासरी १,२५० केईव्हीला दर ग्रॅममागे शिशाचा आकडा ०.०५९ आणि पाण्याचा ०.०६३. हो, या ऊर्जेला किलोला किलो पाणी शिशापेक्षा किंचित सरस आहे. शिशाचा फायदा असतो तो जागेचा, तेच वजन अकराव्या हिश्श्याच्या जाडीत मावतं. तेव्हा कोणताही पत्रा, त्यात कोणतीही भुकटी घाला, अशा गॅमा किरणांविरुद्ध वजन वाचवू शकत नाही. कंपोझिटचा उपयोग तिथेही आहे, पण तो वेगळ्या कारणांसाठी. त्याला हवा तसा आकार देता येतो, पाइपच्या वळणाभोवती गुंडाळता येतो, भेगेत ओतता येतो.

लासलगावला कांदा आणि आंब्यावर विकिरण करणारं ‘कृषक’ हे केंद्र आहे. तिथे कोबाल्टभोवती जाड काँक्रीटच्या भिंती आहेत आणि त्या तशाच राहणार. जागा मुबलक असेल तर काँक्रीटला स्वस्ताईत कोणी हरवू शकत नाही.

न्यूट्रॉनसमोर प्लास्टिकच नायक

आतापर्यंत प्लास्टिक निव्वळ भुकटी धरून ठेवत होतं. न्यूट्रॉन आला की भूमिका उलटतात.

न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो. तो इलेक्ट्रॉनांकडे ढुंकूनही बघत नाही, थेट अणुकेंद्रावर जाऊन आपटतो. कॅरमची सोंगटी दुसऱ्या सोंगटीला नेमकी समोरून लागली तर पहिली थांबते आणि दुसरी धावते. तीच सोंगटी बोर्डाच्या कडेवर आपटली तर जवळजवळ त्याच वेगाने परत फिरते. न्यूट्रॉनसाठी शिशाचं जडशीळ केंद्र म्हणजे बोर्डाची कड, एका टकरीत फार तर दोन टक्के ऊर्जा जाते. हायड्रोजनचं केंद्र मात्र बरोबरीची सोंगटी, एका टकरीत सरासरी निम्मी ऊर्जा संपते. वेगवान न्यूट्रॉनला अगदी मंद करायला हायड्रोजनशी अठराएक टकरा पुरतात.

हायड्रोजन स्वस्तात कुठे मिळतो? पाण्यात वजनाने ११ टक्के असतो, पॉलिथिनमध्ये १४ टक्के. ४ ऑगस्ट १९५६ ला मुंबईत ट्रॉम्बेला सुरू झालेली ‘अप्सरा’ ही अणुभट्टी पाण्याच्या हौदातच बसवली होती. ते पाणी न्यूट्रॉनांना मंद करत होतं आणि वर उभ्या असलेल्या माणसांचं संरक्षणही करत होतं.

मंद झालेला न्यूट्रॉन कोणीतरी गिळायला हवा. त्यासाठी सिरॅमिक. बोरॉन कार्बाइड ही काळी, अत्यंत कठीण भुकटी चिलखतांच्या पाट्यांमध्ये वापरतात, अणुभट्टीच्या नियंत्रक कांड्यांमध्येही. त्यातला बोरॉन-१० हा प्रकार मंद न्यूट्रॉन अधाशासारखा खातो आणि हेलियम व लिथियममध्ये फुटतो. नैसर्गिक बोरॉनमध्ये तो वीस टक्केच असतो, तरी पुरतो. पॉलिथिनमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास बोरॉन घातलेले पत्रे बाजारात सर्रास मिळतात.

तुमच्या घरातलं कोणी रेडिओथेरपी घेतलं असेल तर कदाचित तुम्ही हे साहित्य जवळून पाहिलंही असेल, ओळखलं नसेल एवढंच. १५ मेगाव्होल्टच्या लिनॅक या रेडिओथेरपीच्या मशीनमध्ये किरण इतके जोरकस असतात की ते धातूच्या केंद्रातून न्यूट्रॉन बाहेर काढतात. म्हणून अशा खोलीच्या अवाढव्य दारात शिशासोबत बोरॉन घातलेलं पॉलिथिनही भरतात. बोरॉनने न्यूट्रॉन गिळताना ४७८ केईव्हीचा गॅमा किरण सुटतो, हायड्रोजनने गिळला तर २,२०० चा. त्यांना अडवायला पुन्हा शिसं. एकाच दारात तीन पदार्थ तीन कामं करतात.

अवकाशातही प्लास्टिकचाच मान आहे. दूरच्या ताऱ्यांकडून येणारी जड अणुकेंद्रं धातूवर आपटली की त्यांचे तुकडे होऊन नवे किरण आणि न्यूट्रॉन तयार होतात, म्हणजे पातळ धातू कधी कधी प्रकरण चिघळवतो. हायड्रोजनयुक्त पदार्थात हे कमी होतं. शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये ज्या अंतराळ स्थानकावर राहून आले, तिथे झोपण्याच्या कप्प्यांना पॉलिथिनचं आवरण दिलेलं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये नासाच्या आर्टेमिस-१ मोहिमेत चंद्राभोवती दोन बाहुल्या पाठवल्या होत्या, हेल्गा आणि झोहार. त्यांपैकी झोहारला पॉलिथिनचं जाकीट घातलं होतं.

‘नॅनो’ लिहिलं असेल तर जास्त चांगलं का?

थोडंसं, आणि कधी कधीच. कण मोठे असतील तर कणांमधल्या रबरातून किरण सुटून जायला वाव मिळतो, बारीक कण जागा समान व्यापतात. पण हा फरक पडतो तो कमी ऊर्जेला, जिथे एक कण स्वतःच किरणाचा मोठा हिस्सा अडवू शकतो. काही मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे) कण असतील तर बहुतेक काम झालेलं असतं. उलट नॅनो कणांना एकमेकांना चिकटून गुठळ्या करायची खोड असते, आणि मिश्रण इतकं घट्ट होतं की जास्त भुकटी घालताच येत नाही. नीट न मळलेला नॅनो पत्रा नीट मळलेल्या साध्या पत्र्यापेक्षा वाईट.

प्लास्टिक किरणांनी कुजत नाही का?

कुजतं, डोस प्रचंड असेल तर. किरण साखळ्या तोडतात, मग रबर ठिसूळ होतं. टेफ्लॉन यात विशेष नाजूक आहे, इपॉक्सी बराच टिकतो. अणुभट्टीच्या गाभ्याजवळ म्हणूनच प्लास्टिक ठेवत नाहीत, शिवाय पॉलिथिन पेट घेतं. एप्रनला आयुष्यभरात मिळणारा डोस मात्र त्या मानाने किरकोळ असतो. एप्रन मरतो तो घड्या घातल्याने.

गंमत म्हणजे एक्स-रे विभागातल्या माणसाच्या छातीवर, एप्रनच्या आत, जो डोस नोंदवणारा टीएलडी बॅज असतो, तोही याच कुळातला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या या बॅजमधल्या चकत्या म्हणजे डिस्प्रोशियम घातलेली कॅल्शियम सल्फेटची भुकटी, टेफ्लॉनमध्ये मळलेली. किरण अडवायला नव्हे, मोजायला. नाजूक टेफ्लॉन इथे चालतो, कारण मोजायचे डोस अगदी लहान असतात. कर्मचाऱ्यांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे अंगाला लागलेल्या डोसचं एकक) आणि कोणत्याही एका वर्षी ३०.

मोबाइलला लावायचा स्टिकर?

पैसे वाचवा. मोबाइल किंवा वायफायच्या लहरींच्या एका कणाची ऊर्जा ६० केईव्हीच्या एक्स-रेपेक्षा साधारण सहाशे कोटी पटींनी कमी आहे. ती अणूतला इलेक्ट्रॉन उपटू शकत नाही, त्यामुळे वर सांगितलेलं काहीच तिथे लागू होत नाही. ‘सिरॅमिक पावडरचा अँटी-रेडिएशन स्टिकर’ हे या विषयातले शब्द उचलून केलेलं दुकान आहे.

आमच्या सोसायटीत खाली एक्स-रे सेंटर आहे, भिंतीत शिसं हवं का?

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या सभांमध्ये हा प्रश्न हमखास निघतो. एक्स-रे मशीन बटण दाबल्यावर क्षणभर किरण सोडतं, बंद असताना त्यात काहीच नसतं, खोलीत किरण ‘साठून’ राहत नाहीत. नऊ इंची विटांची भिंत नेहमीच्या एक्स-रेला बरंच काम देते, ज्या भिंतीवर थेट झोत पडतो ती आणखी जाड लागते. दारं आणि पातळ पार्टिशन ही कमकुवत जागा, तिथे शिशाचा पत्रा किंवा त्याच्या तोडीचं काही लावतात. भोपाळच्या सीएसआयआर-एएमपीआरआय या प्रयोगशाळेने अ‍ॅल्युमिनियम उद्योगातल्या टाकाऊ लाल चिखलापासून अशा जागांसाठी बिनशिशाच्या टाइल्स विकसित केल्या आहेत. सेंटरला एईआरबीचा, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तो दाखवायला सांगा, भांडण तिथेच मिटतं किंवा तिथेच सुरू होतं. सामान्य माणसासाठी अशा स्रोतांपासून मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. निसर्गातून आपल्याला जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिळतातच.

मग डेंटिस्टने मला एप्रन का घातला नाही?

कारण शास्त्रीय सल्ला बदलला आहे. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये रुग्णाच्या जननेंद्रियांवर एप्रन टाकण्याची जुनी सवय सोडायला सांगितलं, आणि अमेरिकन डेंटल असोसिएशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये दातांच्या एक्स-रेसाठी एप्रन व थायरॉइडचा पट्टा गरजेचा नसल्याचं म्हटलं. हलगर्जीपणा नाही हा. आता झोत नेमका जिथे हवा तिथेच पडतो. शरीराच्या इतर भागांत जे किरण पोचतात, ते बहुतांश शरीराच्या आतूनच विखुरलेले असतात आणि बाहेरचा एप्रन त्यांना अडवू शकत नाही. शिवाय एप्रनची कड चुकून चित्रात आली तर फोटो पुन्हा काढावा लागतो. डोस आपोआप ठरवणारं मशीन तर समोर अडथळा दिसला की डोस वाढवतं.

टेबलाशी रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला हा सल्ला लागू नाही. त्याच्याकडे रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेले किरण येतात, बाहेरून येतात आणि वर्षानुवर्षं येतात. एप्रन त्याच्यासाठीच आहे.

एप्रन घ्यायचा असेल तर

लहान दवाखान्यांसाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. लेड इक्विव्हॅलन्स कोणकोणत्या किलोव्होल्टला मोजला? मीटर जवळ ठेवून मोजला की दूर? चौरस मीटरला वजन किती? आणि थर दोन असतील तर अंगाकडची बाजू कोणती? शेवटच्या प्रश्नाला विक्रेत्याने ‘दोन्ही सारख्याच’ असं झटकन सांगितलं, तर कागद मागा.

घेतल्यावर एप्रन खुर्चीच्या पाठीवर फेकू नका, जाड दांडीवर टांगा. भुकटी ठासून भरलेलं रबर घडीवर तडकतं, बिनशिशाचंही. तडा वरच्या कापडातून दिसत नाही, म्हणून वर्षातून एकदा एप्रन फ्लोरोस्कोपीखाली, म्हणजे सलग चालणाऱ्या एक्स-रे चित्राखाली, धरून बघतात. आणि जुना शिशाचा एप्रन भंगारवाल्याला देऊ नका, कारण आवरण फाटलं की आतली भुकटी हाताला लागते, आणि शिशाचा कोणताही डोस सुरक्षित मानला जात नाही. तो परत घेणाऱ्या पुरवठादाराकडे किंवा अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे गेला पाहिजे.